ट्यूबावर लाल डबा चालवताना

आमच्या हौशी बँडमध्ये ट्यूबावाला मी एकटाच. ट्यूबा म्हणजे खालचे सूर देणारं भलंमोठं पितळी फुंकवाद्य. या वाद्याला सहसा कुणी विचारत नाही. संचलनाच्या धूनमध्ये ठोक्यावर ‘भों’ द्यायचा, टाळ्या ट्रम्पेटवाल्यांना. त्यातून गाव नाशिक, म्हणजे ढोलाचं. मिरवणुकीत नाशिक ढोल सुरू झाला की आपला ‘भों’ गेला कुठे ते माझं मलाच कळत नाही. त्यामुळे बँड बसवणाऱ्या सरांनी वार्षिक कार्यक्रमासाठी एसटी प्रवासावर एक विनोदी तुकडा रचला आणि इंजिन माझ्याकडे दिलं, तेव्हा मी हरखलोच.

कथा साधी. ठाण्याहून सुटलेला लाल डबा नाशिकला निघालाय. क्लॅरिनेट म्हणजे खिडकीसाठी भांडणारे प्रवासी, पिकोलो, ती चिमुकली बासरी, म्हणजे रडणारं पोर, स्नेअर ड्रम म्हणजे खडखडणाऱ्या काचा. सर स्वतः खाकी शर्टात, हातात ठेका दाखवायच्या छडीऐवजी तिकिटाचा पंच, त्यावरच टकटक ठेका. कसारा घाटात गाडी बंद पडते, सगळे वादक उठून मला ढकलतात आणि मग गाडी कण्हत इगतपुरी गाठते.

कागदावर हे सगळं सोपं दिसत होतं. पण गाडीचे आवाज काही सारेगमपमध्ये बसत नाहीत. स्टार्टरसाठी जीभ ‘र्रर्र’ अशी फडफडवत खालचा सूर धरायचा; मराठी माणसाला ‘र’ घोळवायची सवय असते म्हणून हे लवकर जमलं. एअरब्रेकचा फुस्कारा त्याहून सोपा. ओठ थरथरवायचेच नाहीत, नुसती फुंक सोडायची. साडेपाच मीटर नळीतून फिरून ती भोंग्यातून अशी बाहेर पडते की पहिल्या रांगेतला माणूस पाय मागे घेतो. खरा घाम काढला गिअरने. त्यासाठी वॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायचा खटका, अर्धाच दाबून ठेवायचा, म्हणजे सूर धड वरचा राहत नाही, धड खालचा होत नाही, मधेच केकाटत घसरतो. अर्धा म्हणजे नेमका किती हे बोटालाच शिकावं लागतं आणि ते रोज नव्याने विसरतं.

रियाझ घरी करायची सोय नव्हती. खालचे सूर भिंत जुमानत नाहीत. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या काकूंनी येऊन विचारलं, “अहो, टाकीची मोटर अडकलीय का?” इंजिनाच्या जवळपास पोचलोय याची मिळालेली ही पहिली पावती. तरी मी वाद्य उचलून सकाळी गोदापार्कला जायला लागलो. डिसेंबरातली थंडी, त्यामुळे पितळ गार आणि सूर उतरलेले. आधी बराच वेळ नुसती गरम फुंक घालायची, मग ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, आत सरकवायची आणि मधूनमधून वॉटर की दाबून आत साचलेलं पाणी काढायचं. फिरायला आलेली मंडळी थांबून बघत. त्यातल्या एका आजोबांना माझी ‘सुरू न होणारी गाडी’ इतकी आवडली, की ते रोज तिची फर्माईश करायचे.

तालमीत खरी अडचण निघाली ती हसण्याची. ट्यूबावर हसू हा विषयच नको. ओठांचे कोपरे ताणले गेले की थरथर थांबते आणि सूर जागीच मरतो. समोर पिकोलोवाली पोरगी खरंखुरं भोकाड पसरल्यासारखं तोंड करायची आणि माझं इंजिन घाटाच्या आधीच बंद. सर निवृत्त फौजी बँडवाले. ते म्हणाले, “अरे, हे वाद्य 1835 साली बर्लिनमध्ये पेटंट झालं, लष्करी बँडवाल्याच्या डोक्यातून निघालंय. हसायचं काम लोकांचं. इंजिन हसतं का?” मग मी नजर बाहेर जाण्याच्या दारावरच्या हिरव्या पाटीवर बांधून टाकली. माझ्या मते विनोदी वाजवण्यातलं निम्मं काम तिथेच झालं. मी जितका ठोंब्यासारखा बसलो, तितके बाकीचे जास्त हसायला लागले.

बंद पडलेल्या गाडीत मला तालाची बरीच आवर्तनं गप्प बसायचं होतं. चेहरा कंटाळलेला आणि बुटात अंगठ्याने मोजणी चालू. ढकलण्याच्या प्रसंगात चाकाची खुर्ची आणली होती, पण पहिल्याच धक्क्याला माउथपीस दातांवर आपटला. ती खुर्ची लगेच बाद. शेवटी मीच वाद्य कवेत घेऊन तुरुतुरु चालायचं, मागून सगळ्यांनी जोर लावल्याचं सोंग करायचं आणि मी टेकल्यावरच सूर लावायचा, असं ठरलं.

कालिदास कलामंदिरात प्रयोग झाला. स्टार्टर दोनदा फुसका गेला तसे लोक ओरडले, “ढकला, ढकला!” वादक उठायच्या आत पुढच्या रांगेतले दोघं उभे! पाटीवरची नजर मी हलवली नाही.

नंतर आत एक गृहस्थ आले. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. “भाऊ, वाजवलं झकास. पण कसाऱ्यात गिअर खाली टाकला की इंजिनाचा आवाज वर चढतो. तुम्ही खाली उतरवला.” सरांनी तिथेच पेन्सिल काढली, माझ्या कागदावरचा तो सूर खोडला आणि एक सप्तक वर लिहिला. इतक्या वरच्या सुरावर अर्धा वॉल्व्ह अजून माझ्या बोटाला सापडलेला नाही. ड्रायव्हरसाहेब म्हणालेत, पुढच्या तालमीला येऊन बसतो.