मे महिन्याची यादी: ‘स्मृतिचित्रे’ पूर्ण मिळाली, आणि संध्याकाळचा बेत बदलला

मंडळी, मिळाली! लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची पूर्ण आवृत्ती. नाशिकच्या शालिमारजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात, खालून दुसरी. पुठ्ठा सुटलाय, पण शिवण शाबूत आहे आणि पान एकही गेलेलं नाही. तिथेच उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासलं. मेमध्ये वाचायच्या पुस्तकांच्या यादीचं घोडं इथेच अडलं होतं: पूर्ण आवृत्ती मिळतच नव्हती.

ऑनलाइन मागवली तेव्हा चित्र पूर्ण आवृत्तीचं होतं आणि खोक्यातून निघाली देवदत्त टिळकांनी संपादित केलेली संक्षिप्त. परत करा, पुन्हा मागवा, पुन्हा तीच. संक्षिप्त वाईट आहे असं नाही. शाळेतल्या मुलाच्या हातात मी आधी तीच देईन. पण लक्ष्मीबाईंची खरी चव त्यांच्या आडवळणांत आहे. सोवळ्याओवळ्याच्या तऱ्हा, सासऱ्यांचा स्वभाव, पती, कवी ना. वा. टिळकांचं न सांगता निघून जाणं, हे सगळं त्या ओसरीवर बसून सांगावं तसं सांगतात. तिथे कात्री लागली की घटना राहतात आणि बोलणं जातं. शिवाय बाई आपल्या जलालपूरच्या, जन्म 1868चा. 1895मध्ये टिळकांनी धर्मांतर केल्यावर त्यांची झालेली ओढाताण नाशिककराने तरी पूर्णच वाचावी, असं माझं ठाम मत आहे. मागवणार असाल तर विक्रेत्याकडून आतल्या शीर्षकपानाचा फोटो आणि पृष्ठसंख्या आधी मागा. मुखपृष्ठावर भरवसा ठेवू नका.

आता मूळ दुखणं. दर उन्हाळ्यात एक जाड पुस्तक सगळा महिना गिळतं आणि यादीतली बाकीची तशीच राहतात. विविधता म्हणून कथा, नाटक, कविता, विज्ञान असं सगळं कागदावर मांडता येतं. वाचन मात्र एकाच पुस्तकाचं होतं. या वेळी प्रकार बाजूला ठेवून आधी वेळा ठरवल्या आणि मग त्या वेळांना पुस्तकं दिली. जाड पुस्तक पहाटे, गच्चीवर, ऊन चढायच्या आत. प्रकरणं छोटी आहेत, म्हणून रोज थोडीच, आणि कितीही ओढ लागली तरी तिथेच थांबायचं. हे थांबणं अवघड जातं, पण त्यामुळेच दिवसभर दुसऱ्या पुस्तकांना जागा राहते. सुरुवात झालीये आणि जमतंय!

दुपारी जेवणानंतर वैशाखात डोळे मिटतात, तिथे कथाच हवी. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) सार्वजनिक वाचनालयातून आणलाय. 1840 सालापासूनच्या या वाचनालयाचं सभासदत्व अजून घेतलं नसेल तर या सुट्टीत घ्याच. बागुलांची कथा वाचून लगेच दुसरी घेऊ नये, ती अंगात उतरायला वेळ लागतो. म्हणून मध्ये नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’तली एकेक. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये महिन्यागणिक लेख आहेत, त्यातला वैशाख वैशाखातच वाचायचा, ज्येष्ठ लागला की ज्येष्ठ. त्याला वेगळी वेळ लागत नाही.

संध्याकाळी भैरप्पांच्या ‘पर्व’ या महाभारतावरच्या कन्नड कादंबरीचा मराठी अनुवाद लावला होता. पण मे म्हणजे गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला, आणि ती सोडून घरी कोण बसणार? तेव्हा ‘पर्व’ थेट आषाढात. महाभारतासाठी आत्ता इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ पुरेसं आहे: वेगवेगळे लेख, सुट्टे वाचता येतात. रविवारी घरात मोठ्याने नाटक. कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ निवडलंय. धाकट्याने संभाजी आधीच मागून घेतलाय.

कवितेसाठी कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ होती. पण हे लिहिता लिहिताच सुचलं, की पहाटे लक्ष्मीबाई आहेत तर रात्री ना. वा. टिळक का नकोत? ज्या माणसाबद्दल सकाळी वाचायचं त्याचेच शब्द झोपण्यापूर्वी. आणि त्याहून चांगलं म्हणजे ‘ख्रिस्तायन’, त्यांचं ख्रिस्तावरचं काव्य! टिळक 1919मध्ये गेले तेव्हा ते अपुरं होतं, लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. दोघांचा हात एकाच ग्रंथात. ‘विशाखा’ मला बरीच पाठ आहे, ती रागावणार नाही. ठरलं, बदल पक्का.

पुठ्ठ्यासाठी उद्या बायंडरकडे जातोय. त्याला एकच सांगायचं: कटिंग करू नका. मशीनखाली घातलं की समास जातो आणि जुन्या वाचकांच्या कडेच्या नोंदीही जातात. माझ्या प्रतीत कुणीतरी जांभळ्या शाईने सुंदर टिपणं केलीयेत, ती राहायलाच हवीत. मी स्वतः 2बी पेन्सिल वापरतो. एचबी जुन्या कागदाला ओरखडते.

‘ख्रिस्तायन’ची प्रत कुणाकडे असेल तर महिनाभरासाठी हवी आहे, झेरॉक्स नको. तोवर माझं ‘पर्व’ घेऊन जा, आषाढापर्यंत मला लागत नाही.