बोपदेव घाटावरचा माळ आणि मागचा उजवा शॉक

रविवारी पहाटे कोंढवा, येवलेवाडी करत बोपदेव घाट चढलो. मागे भाचा, त्याच्या मांडीवर आमच्या रिमोटवर चालणाऱ्या खेळातल्या गाडीची पेटी. भिवरीच्या अलीकडे ओळखीच्या शेतकऱ्याचा पडीक माळ आहे. मुरूम, मधूनच उघडा खडक, उडीसाठी जुना बांध. तुम्ही गेलात तर मालकाला आधी विचाराच.

आमची एकदशांश मापाची बग्गी पहिली वीस मिनिटं मस्त पळाली. मग बांधावरून उतरताना भाचा म्हणाला, "मामा, मागून टकटक वाजतंय." उचलून पाहिलं तर मागचा उजवा शॉक, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारा तेल भरलेला नळा, तेलाने ओला आणि त्यावर मुरमाचा चिखल बसलेला. दांडा दाबला तर निम्म्यापर्यंत पोकळ, आतून फसफस. ओ-रिंग, म्हणजे दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी, झिजली होती. तेल बाहेर गेलं, हवा आत शिरली.

तिथेच सतरंजीवर खोलला. तेल काळपट झालेलं. दांडा उन्हात फिरवून पाहिला, तेव्हा नखाला लागेल असा ओरखडा सापडला. असा दांडा नवी ओ-रिंगही कापतो, म्हणून दोन्ही बदलले. ओ-रिंगला तेल लावूनच बसवा. सिलिकॉन तेल भरून पिस्टन हळू वरखाली करा आणि बुडबुडे वर येईपर्यंत दहा मिनिटं थांबा. इथे घाई केली की सगळी मेहनत वाया. शेवटी मागचे दोन्ही शॉक स्प्रिंग काढून तोंडाला तोंड लावून दाबा. दोन्ही दांडे सारखे आत गेले पाहिजेत.

नाना पेठेत बाइकचं फोर्क ऑइल सहज मिळतं, पण ते यात भरू नका. खनिज तेलाने सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगतात.

आम्ही ३० वेटचं तेल वापरतो; वेट म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा आकडा. उतरल्यावर गाडी पुन्हा उसळली तर पाच वेट घट्ट तेल घ्या; बारीक खडीवर चाकं टणटण उडाली तर पाच पातळ. उन्हात तेल पातळ होतं, त्यामुळे एप्रिलमध्ये थोडं घट्टच बरं. वेटचे आकडे कंपनीगणिक बदलतात, तेव्हा एकाच कंपनीचं तेल धरून राहा.

नवे शॉक घेताना रंगीत अॅल्युमिनियमला भुलू नका. ओ-रिंग, दांडे सुटे मिळतात का ते आधी बघा. लांबी जुन्याइतकीच हवी. प्लॅस्टिकची बॉडी चालते, पण झाकणाचे आटे उडीत लवकर जातात. तेवढं झाकण धातूचं घ्या.

घरी आल्यावर पाण्याचा फवारा नको, कोरड्या ब्रशने मुरूम झाडा. आणि निघायच्या आदल्या रात्री चारही दांडे कोरडे आहेत ना, बोट फिरवून बघा. मी शनिवारी ते केलं असतं तर सकाळचा गार तासभर वाचला असता.