आठवणीतून गाळलेली माणसे

15 एप्रिल 1802 रोजी विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी इंग्लंडमधल्या अल्सवॉटर सरोवराच्या काठाने चालले होते. वारा जोराचा होता आणि काठाला डॅफोडिलची फुले दूरवर पसरलेली होती. काही फुले थकल्यासारखी दगडांवर मान टेकून होती आणि बाकीची वाऱ्याबरोबर डुलत, नाचत, हसत होती, असे डोरोथीने रोजनिशीत लिहून ठेवले. 1807 मध्ये भावाची कविता छापून आली, तेव्हा फुलांचा नाच तिच्यात होता. बहीण मात्र नव्हती. कवितेतला माणूस ढगासारखा एकटाच भटकतो. गंमत म्हणजे त्या एकांताचे सुख सांगणाऱ्या दोन ओळी पत्नी मेरीच्या आहेत, हे वर्ड्‌स्वर्थनेच सांगून ठेवले आहे. एकटेपणाची ही कविता अशी तीन माणसांच्या हातची!

डोरोथीच्या बाजूने पाहिले, तर हा अन्यायच म्हणावा लागेल. पण मला वाटते, कवीला तो दिवस सांगायचा नव्हताच. घरात नुसते पडून असताना ती फुले अवचित डोळ्यांपुढे उभी राहतात, ते त्याला सांगायचे होते, आणि त्या घटकेला सोबत कोणीच नव्हते. आपल्या घरांत आठवणी निघतात तेव्हा सारे उलट चालते. मावशीच्या लग्नाला कोण कोण आले होते आणि जिलबी आदल्या दिवशी होती की लग्नाच्या पंगतीला, यावर तासभर वाद रंगतो, आणि खरी मजा त्या वादातच असते.

इंदिरा संतांची कविता वाचताना हे गाळणे मला अधिक जाणवते. 1940 मध्ये पती ना. मा. संत यांच्याबरोबर त्यांचा ‘सहवास’ हा संग्रह निघाला. 1946 मध्ये पती गेले. 1951 मध्ये त्यांचा स्वतंत्र संग्रह ‘शेला’ आला. ही साले ठाऊक असलेला वाचक ‘नको नको रे पावसा’ ही कविता वाचताना त्यातल्या सख्याला नाव देऊन मोकळा होतो. कवितेत मात्र मृत्यूचा उल्लेखही नाही. चंद्रमौळी घर आहे, दारात सायली आहे, गळक्या कौलांखाली ठेवायला पुरेशी भांडी नाहीत आणि नेसूचे जुनेर भिजेल ही धास्ती आहे. सखा गेलेला आहे तो वाटेने, तोही इतक्यातच. पावसाने वेशीपुढे आठ कोस धावत जाऊन त्याला आडवे व्हावे आणि विजेने कडाडून मागे फिरवावे, इतका तो अजून आवाक्यात आहे. त्याला नीट आणलेस तर हवा तेवढा धिंगाणा घाल, असा सौदाही ती बाई पावसाशी करते.

जे आयुष्यात परतवता येत नाही, ते कवितेने असे आठ कोसांवर आणून ठेवले आहे, असे मी समजतो. म्हणूनच या कवितेखाली चरित्राची तळटीप पाहिली की मी खट्टू होतो: तळटीप वाचली की सखा फार दूर जातो आणि पावसाला धाडण्यात काही अर्थ उरत नाही.