तुम्ही विचारलंत म्हणून : आरोग्याची बातमी माझ्याकडे का अडकते

"बाकीच्यांनी सकाळीच लावली, तुमच्याकडेच का अडकली?" वार्ताहर विचारतात, शिबिरं भरवणारे विचारतात, जाहिरात विभागातले सहकारी तर दर आठवड्याला विचारतात. जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर मला अठरा वर्षं झाली. अपघात, बाजारभाव, ग्रामसभा यांच्या बातम्या माझ्या हातून पटापट सुटतात. आजाराची किंवा औषधाची कॉपी, म्हणजे वार्ताहराने पाठवलेला मजकूर, आली की मात्र मी फोन हातात घेतो आणि पान थांबतं. का, ते सांगायचं तर शेगाव तालुक्यातल्या केसगळतीपासून सुरुवात करावी लागेल.

डिसेंबर 2024 च्या अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटली आणि तीन-चार दिवसांत केस हातात येऊ लागले. लहान पोरं, बाया, म्हातारे, कुणीच सुटलं नाही. आमच्या वार्ताहराची पहिली कॉपी चांगली होती. कोणाच्या घरात, कधीपासून, दवाखान्यात काय सांगितलं, एवढंच त्याने लिहिलं होतं. मग पाण्याचा अहवाल आला आणि कॉपीत एक वाक्य आलं : 'पाण्यात नायट्रेट 10 टक्के असायला हवं, ते 54 टक्के आढळलं.'

मी ते तीनदा वाचलं. 54 टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त नायट्रेटच. असं पाणी कोणी तोंडाला लावू शकणार नाही. नायट्रेट मोजतात ते लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, आणि भारतीय मानकात त्याची मर्यादा आहे 45. म्हणजे 54 हे जास्तच, पण पाचपट नव्हे. मग 10 हा आकडा कुठला? तोही कोणाच्या मनातला नाही. अमेरिकेत 10 ची मर्यादा आहे, पण तिथे नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजतात. दोन वेगळी मापं शेजारी ठेवली आणि नायट्रेट थोडंसं जास्त असलेलं पाणी भयंकर झालं. शिवाय नायट्रेटचा खरा धोका तान्ह्या बाळांना. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. त्याने केस गळतात असं कुठे वाचलेलं नव्हतं. आणि आपण खारपाणपट्ट्यातली माणसं. पूर्णेच्या खोऱ्यात क्षाराचं पाणी पिढ्यानपिढ्या पोटात जातंय. पाणी हेच कारण असेल, तर याच डिसेंबरात नवीन काय घडलं? हे कॉपीत कुठेच नव्हतं. मी 'टक्के' काढले आणि पाण्याच्या जोडीला 'कारण अद्याप निश्चित नाही' हे वाक्य घातलं.

एवढी काळजी घेऊनही त्याच आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. 'टक्कल व्हायरस' हा शब्द सगळीकडे फिरत होता. मी तो मथळ्यात जाऊ दिला. अवतरणचिन्हं होती, वाटलं, तेवढं पुरे. दोन दिवसांनी त्या भागातल्या एका वडिलांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "भाऊ, पोरीले पाहाले पावने येनार होते. पेपरात गावाचं नाव आलं अन् त्यायनं फोन उचलनंच सोडलं. व्हायरस हाय म्हने आमच्या गावात." विषाणू सापडल्याचं कोणीही सांगितलं नव्हतं. अवतरणचिन्ह गावात कोण वाचतं? लोक शब्द वाचतात.

फेब्रुवारी 2025 मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. महाडला राहून विंचूदंशावरचा उपचार जगाला दाखवणारे, पद्मश्री मिळालेले हे डॉक्टर. त्यांनी गावात जाऊन गहू घेतला, रुग्णांच्या रक्ताचे, लघवीचे, केसांचे नमुने तपासून घेतले आणि सांगितलं, सेलेनियम हे खनिज फार जास्त आहे, हा गहू पंजाब-हरियाणाकडचा आहे. आमच्याकडे मथळा तयार झाला : 'रेशनच्या गव्हामुळेच टक्कल!' मी तो अडवला. इतक्या मोठ्या माणसाचाही? हो. मोठ्या माणसाचाही. फरक एवढाच की या वेळी तपासायला काहीतरी होतं. काय मोजलं, कशात मोजलं, ते समोर होतं. सेलेनियम शरीराला रतीभरच लागतं आणि जास्त झालं तर केस आणि नखं जातात, हे वैद्यकाला आधीपासून ठाऊक आहे. पंजाबातल्या काही पट्ट्यांतल्या मातीत ते भरपूर आहे, हेही. म्हणून दावा पहिल्या पानावर गेला, पण 'डॉ. बावस्कर यांचा दावा' या शब्दांसह, आणि आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पथकाने वेगळे नमुने नेले आहेत या ओळीसह. ज्या घरात रेशनशिवाय दुसरा गहूच येत नाही, त्यांनी उद्या सकाळी भाकरीचं काय करायचं, हे विचारायला मी पुरवठा विभागाला फोन लावला. आरोग्याच्या बातमीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच फोन.

शिबिरांचं वेगळं. 'मधुमेह मुळापासून बरा', 'शस्त्रक्रियेविना मोतीबिंदू गायब', या प्रेस नोट दर आठवड्याला येतात. 1954 चा औषधे व चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा सांगतो की मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार अशा यादीतल्या आजारांवर औषध आहे अशी जाहिरात करता येत नाही. प्रेस नोट बातमी म्हणून छापली की ती जाहिरात राहत नाही, अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. माझीही होती. फार पूर्वी अशी एक नोट मी सिंगल कॉलम लावली. काही महिन्यांनी एक तरुण ऑफिसात आला. त्याच्या हातात त्या बातमीचं कात्रण होतं, घडी घालून घालून मऊ झालेलं. आईने ते वाचून गोळ्या बंद केल्या होत्या. पायाची जखम चिघळली, दोन बोटं काढावी लागली. तो भांडला नाही. "पेपरात आलं होतं म्हणून," एवढंच म्हणाला. आता अशी नोट आली की उपचार करणाऱ्याची नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे ते मी विचारतो, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना हे शिबिर माहीत आहे का तेही. बहुतेक वेळा पलीकडून उत्तरच येत नाही आणि जागा रिकामी होते.

एप्रिल 2025 मध्ये त्याच गावांतून फोन आले, आता नखं गळताहेत. कॉपी सातला आली. कुठे, किती जण, कोणी तपासलं, हे विचारत साडेनऊ झाले. मथळा लागला : 'शेगाव तालुक्यात काही जणांची नखं गळाली; कारणाचा शोध सुरू'. दुसऱ्या दिवशी मी त्या वडिलांना स्वतःहून फोन केला.

"या खेपी काय लिवलं, भाऊ?"

मी पूर्ण बातमी वाचून दाखवली. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"व्हायरस नाही ना लिवला?"

"नाही."

"बरं," म्हणाले, आणि गव्हाच्या अहवालाचं काय झालं ते विचारू लागले.