तुम्ही विचारलंत म्हणून: शेवाळात सुई खुपसून मी नक्की काय मोजते

हा प्रश्न मला लग्नात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, बँकेत, सगळीकडे येतो. काय करता? रिसर्च. कशात? शेवाळात. मग जरा थांबून, शेवाळात काय करता? मी म्हणते पेशीच्या आतबाहेर जाणारे क्षार मोजते, आणि तोवर लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आलेली असते. पण गेल्या मे महिन्यात सांगलीकडचे मामा कोथरूडला आमच्याकडे चार दिवस राहायला आले होते आणि त्यांनी चहाचा कप खाली ठेवून नीट विचारलं, "अगं पण त्या सुईनं तुला कळतंय काय?" तेव्हा मी त्यांना अख्खी दुपार सांगत बसले, तेच इथे लिहिते, कारण तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी हेच विचारलंय.

आधी शेवाळ कुठलं ते. बाथरूमच्या फरशीवरचं नाही. कारा नावाचं एक शेवाळ संथ, स्वच्छ पाण्यात तळाशी वाढतं, आम्ही मावळातल्या भातखाचरांतून आणलं आणि लॅबमध्ये टाकीत खाली माती घालून वाढवतो. हातात घेतलं तर खरखरीत लागतं, वासही लसणासारखा उग्र. दिसायला रोपासारखं, म्हणजे उसाला जशी पेरं आणि मधे कांड्या तसंच, फक्त दोऱ्याएवढं बारीक. आणि मामांना खरी गंमत वाटली ती इथे, की उसाच्या एका कांडीत लाखो पेशी असतात आणि काराची एक अख्खी कांडी म्हणजे एकच पेशी. कित्येक सेंटिमीटर लांब, साधारण एक मिलिमीटर जाड, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी, चिमट्यात धरता येणारी, कात्रीने कापून आतला रस काढून तपासता येणारी एक पेशी! आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या असतात, त्यांच्यात हे कुठून जमणार.

आता तो रस तपासला की काय दिसतं, तर बाहेरच्या पाण्यात पोटॅशियम जेमतेम ०.१ मिलिमोलर (पाण्यात किती विरघळलंय ते मोजायचं एकक) आणि आत शंभराच्या आसपास, म्हणजे हजारपट. क्लोराईड बाहेर एक-दीड, आतल्या रसात शंभराच्या वर. आणि मधे पडदा आहे तो किती, पेशीचं पटल, मेम्ब्रेन, जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा पडद्याने हा फरक टिकवून धरायचा, दिवस-रात्र, तेही सगळं बाहेर झिरपून जायला टपलेलं असताना. हे कसं जमतं हाच माझा विषय आहे, बाकी सुई वगैरे सगळं त्याच्यासाठी.

तर सुई. काचेची बारीक नळी मधोमध तापवून ओढली की टोक मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, बारीक होतं, तिच्यात पोटॅशियम क्लोराईडचं घट्ट द्रावण भरायचं (बुडबुडा राहिला की संपलं, नवीन सुई), मागून क्लोराईडचा थर दिलेली चांदीची तार, ती तार ॲम्प्लिफायरला. दुसरी तशीच तार बाहेरच्या पाण्यात. मायक्रोस्कोपखाली पेशी आडवी ठेवून स्क्रूने सुई हळूहळू पुढे न्यायची. पेशीच्या आत दाब असतो साधारण सहा बार, गाडीच्या टायरच्या अडीचपट, त्यामुळे भिंत आधी आत दबते, सुईचं टोक तिथेच अडतं, आणि मग एकदम आत जातं. आत गेलं हे डोळ्याला कळायच्या आधी आकड्याला कळतं, शून्यावर असलेलं रीडिंग धाडकन उणे १८०, उणे २०० मिलिव्होल्टवर जातं. मी हे शेकडो वेळा पाहिलंय आणि अजूनही त्या क्षणी श्वास रोखला जातो.

टेबल हललं की टोक मोडतं, म्हणून आमचं सगळं सामान जड कडप्प्याच्या फरशीवर आहे आणि फरशीखाली स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूब. तरी गणपतीच्या आधी महिनाभर नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी रीडिंग घेणं मी सोडूनच देते, पहाटे येते. एका वर्षी हट्टाने संध्याकाळी बसले आणि तीन दिवस धरून ठेवलेली पेशी, सगळ्यात चांगलं रीडिंग देणारी, पहिल्या ठेक्याला गेली. रडले होते मी तेव्हा.

आता मुद्दा. नर्न्स्टचं समीकरण सांगतं, एखादा आयन, म्हणजे पोटॅशियम-क्लोराईडसारखा विद्युतभार असलेला कण, नुसता वाहून वाहून थांबला असेल तर आतबाहेरच्या प्रत्येक दहापट फरकाला साधारण ५८ मिलिव्होल्ट दिसायला हवेत. पोटॅशियम हजारपट, म्हणजे ५८ गुणिले तीन, उणे १७४. मोजलेला आकडा त्याच्या आसपास, म्हणजे पोटॅशियमबद्दल फार आश्चर्य करायला नको, आत उणे विद्युतभार आहे आणि पोटॅशियमवर अधिक म्हणजे धन भार, ते ओढलं जाणारच. पण बऱ्याचदा आकडा उणे १७४ च्याही खाली जातो, मग कळतं की आणखी कोणीतरी जोर लावतंय, आणि ते म्हणजे प्रोटॉन पंप, पेशी आपली ऊर्जा खर्चून प्रोटॉन बाहेर फेकत असते. आणि क्लोराईड? ते स्वतः उणे, आत आधीच उणे आणि आधीच भरपूर साठा, तरी ते आत येतंय! म्हणजे चढावर हातगाडी ढकलल्यासारखं, कोणीतरी ढकलल्याशिवाय शक्य नाही. बाहेर फेकलेले प्रोटॉन उतारावरून परत आत येताना क्लोराईडला सोबत खेचून आणतात. १९६० च्या दशकात केंब्रिजला ईनिड मॅकरॉबी यांनी काराच्याच भावकीतल्या नायटेलात रेडिओॲक्टिव्ह आयन वापरून हे येणंजाणं मोजलं आणि क्लोराईडचं आत येणं प्रकाशावर अवलंबून असतं हे दाखवलं. तर मला सुईने कळतं ते हे, की हिशोबाचा आकडा आणि मोजलेला आकडा जिथे जुळत नाहीत तिथे पेशी मेहनत करतेय, आणि किती करतेय. न जुळणं हीच माझी कमाई.

मामांना मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेलं, रविवार होता. काराच्या पेशीत आतला द्रव सतत फिरत असतो, एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली, सेकंदाला मिलिमीटरचा दहावा भाग, पेशीतल्या द्रवासाठी हा वेग खूप मोठा आहे. इटलीच्या बोनावेन्तुरा कोर्ती यांनी हे १७७४ मध्ये पाहिलं होतं. मामा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले, कण वाहताहेत, जत्रेतल्या गर्दीसारखे. मग मी पेशीला विजेचा हलका झटका दिला आणि सगळं एका क्षणात थांबलं. मामांनी डोळा काढून माझ्याकडे पाहिलं, "मेली का?" नाही मेली. आत कॅल्शियम वाढलं, त्यानेच वाहणं थांबलं आणि क्लोराईडची दारं उघडली, क्लोराईड बाहेर धावलं, आतला उणेपणा घटला, मग पोटॅशियम बाहेर जाऊन तो परत आला. आपल्या मज्जातंतूत असाच संदेश जातो, फक्त तिथे सोडियम आत येतं आणि सगळं मिलिसेकंदात उरकतं, इथे काही सेकंद लागतात. कोल आणि कर्टिस या शास्त्रज्ञांनी संदेश जाताना पटलाचा विद्युत अडथळा घटतो हे १९३८ मध्ये आधी नायटेलावर मोजलं आणि मग १९३९ मध्ये स्क्विडच्या मज्जातंतूवर. शेवाळ आधी, हे लोकांना माहीतच नसतं, म्हणून मी दर वेळी सांगते. मामा तसेच बसून राहिले, काही मिनिटांनी कण हळूहळू हलायला लागले तेव्हा म्हणाले, "चालली बघ."

परत येताना रिक्षात त्यांनी त्यांच्या खालच्या दोन एकरांचं काढलं. पाणी जास्त देऊन देऊन चोपण झालेली जमीन, उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं, ऊस उभाच राहत नाही. मी म्हटलं तेच तर, मातीत सोडियम वाढलं की मुळाच्या पेशीत आत उणे असल्याने ते आपोआप ओढलं जातं आणि पेशीला ऊर्जा खर्चून बाहेर काढत बसावं लागतं. काराला मिठाच्या पाण्यात ठेवलं आणि कॅल्शियम कमी असलं तर ती काही दिवसांत मरते, कॅल्शियम पुरेसं असेल तर बरीच जास्त टिकते, कारण कॅल्शियममुळे सोडियमची आत यायची वाट आवळली जाते. मामा लगेच म्हणाले, मग जिप्सम टाकतो ते कॅल्शियमच की. हो, पण जिप्समचं मुख्य काम मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम सुटं करणं, ते वाहून जायला खाली निचरा हवाच, चर काढल्याशिवाय नुसतं जिप्सम टाकून पैसे जातात. मुळाच्या पेशीला कॅल्शियम मिळतं ते वर.

कर्वे पुतळ्यापाशी सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "मग हे थेट उसाच्या मुळात का नाही बघत तू?" बघतात मामा, मुळाच्या पेशीतही सुई घालतात लोक, पण ती पेशी एवढीशी, सुई तिथे फार वेळ टिकवणं अवघड, आणि आजूबाजूच्या शेजारणींशी ती जोडलेली, त्यामुळे आकडा नक्की कुणाचा ते सांगता येत नाही. काराची एकटीची कांडी कापून वेगळी काढली तरी आठवडे जगते. मामा म्हणाले, बरोबर आहे, एकट्याचं बोलणं नीट ऐकू येतं. पुढच्या खेपेला ते त्यांच्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन येणार आहेत आणि मी त्याच पाण्यात एक कांडी ठेवून बघणार आहे.