हॅग्लीचा पडका किल्ला, १:७६ प्रमाणातली प्रतिकृती : तीन बुरूज उतरवले, एक ठेवला

मूळ वास्तू इंग्लंडात, वुस्टरशायरमधल्या हॅग्ली पार्कच्या टेकडीवर. वास्तुकार सँडरसन मिलरने १७४७-४८ च्या सुमारास ती हॅग्लीचा मालक जॉर्ज लिटलटनसाठी मुळातच पडकी बांधली. चारपैकी एकच बुरूज पूर्ण उंचीचा, बाकीचे अर्धवट. लेखक होरेस वॉलपोलने १७५३ मध्ये ती पाहिली आणि बॅरनांच्या युद्धांचा (तेराव्या शतकातल्या, इंग्लंडचे सरदार विरुद्ध राजा अशा लढायांचा) खरा गंज इथे चढलाय, असं लिहिलं. तेव्हा बांधकाम जेमतेम पाच वर्षांचं होतं! प्रतिकृतीत तोच काळ धरलाय.

भिंती १० मिमी एक्सपीएस फोमच्या (थर्मोकोलसारखा, पण जास्त घट्ट फोम), म्हणजे प्रत्यक्षातली जाडी ७६ सेंमी. फोमचं वरचं गुळगुळीत कवच आधी पॉलिशपेपरने काढून टाकलं. ते राहिलं तर रंग धरत नाही. ३० सेंमीचा थर ४ मिमीचा होतो. सांधे बोथट पेन्सिलीने दोनदा हलक्या हाताने ओढायचे. एकाच वेळी जोर दिला की फोम फाटतो.

खरी मेहनत तुटक्या कडांची. पहिली भिंत हाताने मोडली, ती कुरतडलेल्या बिस्किटासारखी दिसली आणि टाकून द्यावी लागली. दगडी भिंत सांध्यांवरून सुटते, म्हणून कड पायऱ्यापायऱ्यांची हवी. कोपऱ्याचे आणि खिडकीच्या चौकटीचे मोठे चिरे शेवटपर्यंत टिकतात, मधली भरणी आधी जाते. त्यामुळे आता आधी सगळे चिरे आखायचे आणि मग वरून एकेक कापून काढायचा. एका बुरुजाला दोन संध्याकाळी लागतात, पण भिंत पटते.

खिडक्या वेगळ्या, १ मिमी कार्डाच्या. मूळच्या खिडक्या जवळच्या हेल्सओवन मठाच्या अवशेषांतून आणल्या असं सांगतात. म्हणून त्यांच्या कडा भिंतीपेक्षा जास्त झिजवल्या. खोट्या पडझडीत खरं जुनं एवढंच, ते उठून दिसायला हवं.

पायथ्याशी दगडांचा ढीग घातलेला नाही. वरचं कधी पडलंच नव्हतं.

अस्तराला फेविकॉल आणि काळा ॲक्रिलिक समभाग, वर थोडं पाणी. स्प्रेचा डबा इथे नको, त्यातल्या सॉल्व्हंटने फोम विरघळतो. शेवाळी हिरवा फक्त उघड्या माथ्यांवर आणि त्याखाली १०-१२ मिमी. छत नसलेली भिंत पाऊस तिथूनच पिते.

राहिलंय ते उभ्या बुरुजाच्या चर्या आणि त्याला लागून असलेला जिन्याचा लहान मनोरा.