झेन ऑटोमॅटिकला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवताना

गिअरबॉक्सचं तेल मोजायची डिपस्टिक ओढली तर टोकाला गुलाबी फेस. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लाल आणि पारदर्शक असतं. ते दुधाळ झालं की आत पाणी शिरलंय असं समजायचं. या गाडीत गिअरचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच फिरते. ती आतल्या आत गळाली की पाणी थेट गिअरबॉक्समध्ये जातं आणि क्लच प्लेटांचं अस्तर डिंक सुटल्यासारखं सुटतं. गाडी 1998 ची मारुती झेन, 993 सीसी, कार्बोरेटरवाली, तीन गिअरची ऑटोमॅटिक. डी मध्ये, म्हणजे पुढं जायच्या गिअरमध्ये, टाकली की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलत नव्हती.

मालक वयस्कर, गाडी पहिल्यापासून त्यांच्याकडेच. म्हणाले, "मग काय, भंगारात घालायची व्हय?"

"इंजिन चांगलं आहे काका. पण हा बॉक्स उघडून उपयोग नाही. याच्या प्लेटा आणि सील किट आता मिळणार नाहीत. मॅन्युअल करता येईल, मात्र तुमचा डावा पाय क्लच दाबायला तयार पाहिजे."

हा प्रश्न मी आधीच विचारतो. गुडघ्याचा त्रास म्हणून कुणी ऑटोमॅटिक घेतली असेल, तर त्याची गाडी मॅन्युअल करून देणं म्हणजे त्याच्याकडून ती काढून घेणंच आहे. काकांचे पाय ठणठणीत होते. आरटीओत आधी लेखी विचारून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा, हेही सांगितलं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. काम झाल्यावर कागद शोधत बसण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काय वाटेल ते करून मिळतं. म्हणून पुष्कळ जण सुटा गिअरबॉक्स आणतात आणि बाकीचं "करून घेऊ" म्हणतात. मी त्या वाटेला जात नाही. याच मॉडेलची मॅन्युअल गाडी कापायला निघालेली शोधायची आणि तिचं सगळं उचलायचं: गिअरबॉक्स, फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ते जड चाक) त्याच्या बोल्टांसकट, स्टार्टर, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, गिअरबॉक्सचं माउंटिंग आणि ब्रॅकेट, पूर्ण पेडल असेंब्ली, क्लच केबल, गिअर लिव्हर रॉडांसकट, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सचा स्विच, रेडिएटर. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, शाफ्टची सीलं आणि क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील मात्र नवीनच. बॉक्स खाली असताना क्रँकचं सील बदललं नाही, तर पुढं त्याच सीलसाठी सगळं परत उतरवावं लागतं आणि गळतीचं तेल नव्या क्लच प्लेटवर जातं ते वेगळंच.

उतरवताना आधी बॅटरी सोडायची, तेल काढायचं, मग शाफ्ट. टॉर्क कन्व्हर्टरचे (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेल्या तेलाच्या डब्याचे) बोल्ट खालच्या खिडकीतून एकेक सोडवायचे, क्रँकची पुली पान्यानं फिरवत. कन्व्हर्टरच्या पोटात बरंच तेल राहतं, खाली ट्रे ठेवावा. त्याच्यामागची पातळ पत्र्याची फ्लेक्स प्लेट काढली की तिथं जाड फ्लायव्हील येतं. जुने बोल्ट इथं चालत नाहीत. ते पातळ प्लेटसाठी आखूड असतात, जाड फ्लायव्हीलमधून क्रँकमध्ये पुरेसे आटे धरत नाहीत. फ्लायव्हीलचं तोंड लेथवर साफ करून घेतलं आणि इनपुट शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ते बारकं बेअरिंगही बदललं. ते खराब असलं की क्लच दाबूनसुद्धा शाफ्ट फिरत राहतो आणि गिअर टाकताना कर्रकर्र होतं.

क्लच प्लेट जुन्या इनपुट शाफ्टच्या तुकड्यावर मध्यावर धरून प्रेशर प्लेट आवळली, समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे करत.

बॉक्स चढवताना खरी अडचण आली. जॅकवर सरळ आत गेला, शाफ्टच्या खाचा (स्प्लाइन) क्लच प्लेटमध्ये बसल्या, पण वरची बाजू मिळाली तरी खाली दोनतीन मिलिमीटरची फट राहिली. हेल्पर बोल्ट आवळायला निघाला, त्याला थांबवलं. फट राहिली की बोल्टानं ओढायचं नाही. ॲल्युमिनियमचा कान तुटतो, नाहीतर प्लेटचा हब वाकतो. बॉक्स मागं घेऊन टॉर्च मारला तर कारण समोरच होतं. इंजिन आणि बॉक्स एका रेषेत धरणाऱ्या पोकळ डॉवेल पिना इंजिनच्या बाजूला होत्याच. कापलेल्या गाडीची एक पिन तिच्या बॉक्समध्येच अडकून आली होती. खालच्या एकाच भोकात दोन पिना एकमेकींवर टेकत होत्या. बॉक्समधली काढली आणि बॉक्स हातानं ढकलून बसला.

शाफ्ट बसवण्याआधी दोन्ही जोड्या जमिनीवर शेजारी मांडून मापल्या. ऑटोमॅटिकचे वेगळे निघाले. लांबी जुळत नसेल तर शाफ्ट एकतर आत रेटतो, नाहीतर वळणावर जॉइंट निसटतो.

पेडलचं काम सगळ्यात कंटाळवाणं. स्टिअरिंगचा दांडा खाली उतरवून पूर्ण ब्रॅकेटच बदलावं लागतं, कारण ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल क्लचच्या जागेत येतं.

चावी फिरवली तर काहीच नाही. हे होणारच असतं. ऑटोमॅटिकचा स्टार्टर पार्क किंवा न्यूट्रलमध्येच चालतो, आणि त्याचा स्विच जुन्या बॉक्सबरोबर खाली गेलेला असतो. टेस्ट लॅम्प लावून त्या कनेक्टरमधल्या स्टार्टरच्या दोन वायरी ओळखल्या. त्या नुसत्या जोडून मोकळं होणारे बरेच असतात. मग गिअरमध्ये उभी असलेली गाडी चावीबरोबर उडी मारते. आम्ही मध्ये क्लच पेडलचा स्विच टाकला. त्याच कनेक्टरमधल्या रिव्हर्स लाइटच्या वायरी नव्या बॉक्सच्या स्विचला दिल्या. इंजेक्शनच्या गाडीत ईसीएमचाही (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचाही) विचार करावा लागतो, कार्बोरेटरला ती कटकट नाही.

जुना रेडिएटर ठेवून नळीची तोंडं बंद करतात, ते इथं चाललं नसतं. नळी आतून फुटलेलीच होती. दुसरा रेडिएटर टाकला, पाण्याचा मार्ग तेलकटपणा जाईपर्यंत धुतला. गिअरबॉक्सला जीएल-4 तेल, भरण्याच्या भोकातून ओघळेपर्यंत. जीएल-5 मुद्दाम टाळलं, त्यातली रसायनं गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना मानवत नाहीत.

केबल ज्याला ओढते त्या क्लचच्या आर्मला 2 ते 4 मिलिमीटर मोकळीक ठेवून गाडी वाघबीळमार्गे पन्हाळ्याला नेली. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, क्लच घसरला नाही. खाली येऊन इंजिन आणि बॉक्स जुळतात तिथल्या बेलहाऊसिंगखाली गळती बघायला कागद धरला, कोरडा निघाला. नवी क्लच प्लेट आणि बदललेली केबल सुरुवातीला जागा धरतात, म्हणून काकांना पाचशे किलोमीटर झाल्यावर ॲडजस्टमेंटला बोलावलं. आले तेव्हा आर्मची मोकळीक बदललेली होती, नट फिरवून ती परत मापात आणून दिली.